धुक्यातलं गाव आणि धुरातलं गाव

आज तुम्हाला दोन गावं दाखवायची आहेत. पहिल्या गावाला जायला ना तिकीट लागत, ना पासपोर्ट. कारण ते गाव पृथ्वीच्या पाठीवर नाहीच! दुसरं गाव मात्र अगदी खरं आहे. तिथली जमीन १९६२ पासून आतून जळते आहे. या दोन गावांची गाठ कशी पडली, ती पडायला हवी होती का, आणि त्यात कुणाचं काय गेलं, त्याची ही गोष्ट.

आधी खोट्या गावाला जाऊ. त्याचं नाव सायलेंट हिल.

१९९९ साली जपानच्या कोनामी कंपनीनं प्लेस्टेशनवर याच नावाचा एक व्हिडिओ गेम आणला. हॅरी मेसन नावाचा एक साधा माणूस आपल्या सात वर्षांच्या मुलीला, शेरिलला घेऊन सुट्टीसाठी या गावाकडे निघतो. वाटेत गाडीला अपघात होतो. तो शुद्धीवर येतो तर मुलगी गायब! समोर गाव आहे, पण सगळीकडे दाट धुकं, आणि भलत्याच ऋतूत बर्फ पडतंय. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आता तुम्हीच हॅरी, आणि तुम्हालाच शेरिलला शोधायचंय.

आता या धुक्याची गंमत ऐका. त्या काळचं प्लेस्टेशन आजच्या मानानं अगदीच अशक्त यंत्र. अख्खं गाव, लांबपर्यंतची घरं, झाडं, दुकानं असं सगळं एकदम पडद्यावर काढणं त्याला झेपणारं नव्हतं. मग करणाऱ्यांनी युक्ती काढली. चार पावलांपुढचं काही दिसूच द्यायचं नाही! दिवसा धुकं, रात्री काळोख. यंत्राची अडचण झाकायला घातलेलं धुकं, पण खेळणाऱ्यांची बोबडी वळली ती त्यानंच. कारण पुढे काय आहे ते दिसलं नाही की आपलं डोकं स्वतःच काहीबाही रचत बसतं. रात्री खुंटीवरचा सदरा कसा माणूस होऊन उभा राहतो, ठाऊक आहे ना? तसंच हे.

शिवाय हॅरीच्या खिशात एक छोटा रेडिओ असतो. त्याच्यावर गाणी-बिणी काही लागत नाहीत. पण एखादं अक्राळविक्राळ जनावर जवळ आलं की तो खरखर करायला लागतो. म्हणजे दिसत काहीच नाही, ऐकू मात्र येतं. हा रेडिओ लक्षात ठेवा, पुढे त्याची आठवण येणार आहे.

या गावाच्या नकाशावरची रस्त्यांची नावंही मोठी मजेदार आहेत. ब्रॅडबरी, ब्लॉक, मॅथिसन, बाखमन... हे कुणी देशभक्त नव्हेत की नगराध्यक्ष नव्हेत. हे भीतीच्या, गूढाच्या आणि अद्भुताच्या गोष्टी लिहिणारे लेखक! रॉबर्ट ब्लॉकनं 'सायको' ही कादंबरी लिहिली. रिचर्ड बाखमन हे तर स्टीफन किंगचंच टोपणनाव. कल्पना करा, आपल्याकडे एखाद्या गावात धारप रस्ता आहे आणि तो संपतो तिथून मतकरी गल्ली सुरू होते. अशा गावात रात्री नऊनंतर दूध आणायला कोण जाणार हो? मी तर नाही बुवा.

हा गेम इतका चालला की त्याचे पुढचे भाग आले, आणि २००४ साली अमेरिकेतल्या आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेनं त्यावर चित्रकथा काढायला सुरुवात केली. पहिली मालिका 'डायिंग इनसाइड', पाच अंकांची. लेखक स्कॉट सिएन्सिन. पहिल्या अंकांची चित्रं बेन टेम्पलस्मिथ यांची आणि पुढची आदी सलमान यांची. पाठोपाठ आणखी काही पुस्तकं आली. 'पेंट इट ब्लॅक'मध्ये तर एक चित्रकारच या गावात येऊन राहतो आणि तिथल्या राक्षसांची चित्रं काढतो! नंतर टॉम वॉल्ट्झ या लेखकानं सूत्रं घेतली. त्याच्या 'पास्ट लाइफ'मध्ये गोष्ट थेट एकोणिसाव्या शतकात, घोडेस्वारांच्या आणि बंदुकवाल्यांच्या काळात जाते.

ही पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत, बरं का. रक्त फार आहे. त्यामुळे मी तुम्हाला त्यांची पानं उलगडून दाखवणार नाही आणि तुम्हीही घाई करू नका. पण एक प्रश्न आहे, तो विचार करण्यासारखा आहे. चित्रकथेत धुकं कसं आणायचं?

गेममध्ये पुढचं दार तुम्ही स्वतः उघडता. बटण दाबताना अंगठा थरथरतो. चित्रकथेत दार चित्रकारानं आधीच उघडून ठेवलेलं असतं. तुम्ही पान उलटलंत की डोळ्यांना सहा चौकटी एकदम दिसतात. पहिली वाचताना सहावीतला राक्षस डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतोच. चित्रकथा वाचताना आपण सगळेच ही चोरी करतो, नाही म्हणू नका! आणि रेडिओची खरखर? कागदाला आवाज कुठून आणणार? मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत ती लिहावी लागते, आणि लिहिली की ती अक्षरंच होतात.

टेम्पलस्मिथनं यावर आपल्या परीनं तोड काढली आहे. त्याच्या चित्रांत रेषा अर्धवट सुटतात, शाई ओघळते, माणसांचे चेहरे मळक्या रंगांत विरघळून जातात. पुसट झालेल्या जुन्या फोटोकडे पाहताना वाटतं तसं काहीसं वाटतं. ती पानं चांगली जमली आहेत. पण एकूण या पुस्तकांबद्दल माझं मत विचाराल तर ती दाखवतात फार. राक्षस आला की अख्खा आला, दातांसकट. बोलणंही भरपूर. माझ्या मते चित्रकथेतलं खरं धुकं म्हणजे दोन चौकटींच्या मधली ती कोरी पट्टी. तिथं काय घडलं ते आपणच ठरवायचं असतं. ती पट्टी ज्यांनी वापरली त्यांचीच पानं लक्षात राहतात.

हे झालं पहिलं गाव. आता दुसऱ्याकडे वळू. पण मधे एक सिनेमा लागतो.

२००६ साली 'सायलेंट हिल'वर सिनेमा आला. मूळ गेम जपानी, दिग्दर्शक क्रिस्तोफ गान्स फ्रेंच, चित्रीकरण कॅनडात आणि गोष्टीतलं गाव अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं. एका नसलेल्या गावासाठी किती देश फिरले बघा! पटकथाकार होते रॉजर अ‍ॅव्हरी. हे गाव ओस का पडलं याला काहीतरी कारण हवं होतं. अ‍ॅव्हरींना एक खरं गाव माहीत होतं. त्यांचे वडील खाण अभियंते, आणि लहानपणी त्यांनी वडिलांकडून त्या गावाच्या हकिकती ऐकल्या होत्या. मग सिनेमातल्या गावाखाली कोळशाची आग लागली, आणि धुक्यातून बर्फाऐवजी राख पडू लागली.

ते खरं गाव म्हणजे सेंट्रालिया. तेव्हापासून लोक बिनधास्त सांगतात की सायलेंट हिल म्हणजेच सेंट्रालिया. तसं नाही हं! १९९९च्या गेममध्ये ना कोळशाची खाण आहे, ना जमिनीखालची आग. ही गाठ मारली सिनेमानं, सात वर्षांनी. पण एकदा बसलेली गाठ सुटते थोडीच?

चला तर, सेंट्रालियाला. अमेरिकेच्या पूर्वेला पेनसिल्व्हेनिया राज्य आहे. फिलाडेल्फिया शहरातून वायव्येकडे मोटारीनं दोन-अडीच तास गेलं की कोळशाचा डोंगराळ मुलूख लागतो. अ‍ॅशलंड नावाचं छोटं गाव मागे टाकलं की पुढची चढण सेंट्रालियाची. पण 'आलं' असं कळत नाही. डोळ्यांपुढे येतं ते रान. मात्र त्या रानातून डांबरी रस्ते काटकोनात एकमेकांना छेदत जातात. पदपथांच्या कडा गवतातून डोकावतात. रस्ते आहेत, चौक आहेत, घरं मात्र नाहीत. कुणीतरी पाटीवर गावाचा नकाशा काढून त्यातली घरं तेवढी ओल्या फडक्यानं पुसून टाकावीत, तसं.

१९६० साली इथं चौदाशेवर लोक राहत होते. चर्च होती, दुकानं होती, शाळा होती. बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी खाणीत काम केलेलं. इथला कोळसा अँथ्रासाइट जातीचा. काळाभोर, चमकदार, दगडासारखा कठीण. चंद्रपूर-वणीकडच्या वाचकांना दगडी कोळसा परका नाही, पण अँथ्रासाइट त्याचा थोरला भाऊ समजा. तो चटकन पेट घेत नाही. पण एकदा का पेटला की विझायचं नाव घेत नाही.

१९६२चा मे महिना. तिथं मेच्या अखेरीस वीरगती मिळालेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस असतो. लोक दफनभूमीवर फुलं वाहायला जातात. दफनभूमीशेजारीच गावाचा कचऱ्याचा खड्डा होता. पाहुण्यारावळ्यांसमोर घाण नको म्हणून तो कचरा पेटवून द्यायचा, असं ठरलं. पेटवला, पाणी मारून विझवला, सगळे घरी गेले. आग कशी लागली याबद्दल पुढे बरेच वाद झाले, पण बहुतेक जाणकार याच कचऱ्याकडे बोट दाखवतात. तो खड्डा म्हणजे जुन्या उघड्या खाणीचाच भाग. त्याच्या भिंतीत एक भोक होतं, नीट न बुजवलेलं. त्यातून निखारा आत सरकला, आणि आत होतं जुन्या खाणींच्या बोगद्यांचं जाळं. जळायला कोळसा, बोगद्यांतून वारा, आणि उष्णता बाहेर जायला वाव नाही. यापेक्षा चांगली शेगडी कुणी बांधली असती का?

सुरुवातीला आग लहान होती. खणून काढायचं ठरलं. पण मंजूर झालेले पैसे संपले, काम थांबलं. पुन्हा मंजुरी, पुन्हा खोदकाम, पुन्हा पैसे संपले. आग मात्र मंजुरीसाठी थांबत नव्हती! चर खणले, भोकं पाडून आत राख आणि दगडाचा चुरा ओतला, तरी ती चुकवून पुढे गेली. पुढे १९८३ साली हिशेब झाला तेव्हा ती पूर्ण खणून काढायला सहासष्ट कोटी डॉलरच्या आसपास खर्च येईल असं दिसलं.

मधल्या काळात गावकऱ्यांचं काय चाललं होतं? तर रोजचंच जगणं. हिवाळ्यात काही अंगणांत बर्फ टिकेना. काही जणांना थंडीतही बागेत टोमॅटो मिळू लागले म्हणे. गंमतच वाटायची! १९७९ साली पेट्रोल पंपाच्या मालकानं जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल मोजायला दांडी घातली, तर ती बाहेर आली गरम. त्यानं दोरीला तापमापक बांधून आत सोडला. पेट्रोलचं तापमान १७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ७८ अंश सेल्सियस! त्या क्षणी त्याच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल, सांगा बरं.

आणि मग १४ फेब्रुवारी १९८१. बारा वर्षांचा एक मुलगा, म्हणजे तुमच्यापैकीच कुणाच्या तरी वयाचा, आजीच्या परसात उभा होता. जमिनीतून धुराची बारीक रेघ निघताना दिसली म्हणून तो बघायला गेला. आणि पायाखालची जमीनच गेली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग डोकंही दिसेनासं. हाताला झाडाचं एक मूळ लागलं, ते त्यानं घट्ट धरलं. खालून गरम वाफ येत होती. त्याचा चुलतभाऊ, तोही चौदा वर्षांचाच, धावत आला आणि पालथं पडून त्यानं त्याला वर ओढलं. नंतर मोजलं तर तो खड्डा दीडशे फूट खोल निघाला. म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा! योगायोग असा की त्याच दिवशी गावची आग पाहायला सरकारी मंडळी आणि एक खासदार तिथं आले होते. इतकी वर्षं कागदावर असलेली आग त्या दिवशी अख्ख्या देशाला दिसली.

आता तो रेडिओ आठवा. सेंट्रालियातल्या कित्येक घरांत एक यंत्र बसवलेलं होतं. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तळघरातून तो घरात शिरला आणि माणसं झोपेत असली तर ती उठतच नाहीत. म्हणून हे यंत्र हवा तपासत राहायचं आणि वायू वाढला की सूचना द्यायचं. हॅरीच्या खिशातला रेडिओ कुणीतरी कल्पनेनं बनवलेला आहे. पण इथली आई रात्री मुलांना पांघरूण घालून त्या यंत्राच्या आवाजाकडे कान लावून पडायची, त्यात कल्पना काहीच नव्हती. मला विचाराल तर एवढी भीती सायलेंट हिलच्या सगळ्या पुस्तकांत मिळून नाही. दात नाहीत, रक्त नाही, चित्र काढायचं म्हटलं तर चित्रकार कशाचं काढणार?

यापुढचा भाग सांगायला मला आवडत नाही. गाव भांडू लागलं. ज्यांच्या घराखाली आग होती ते म्हणत, आम्हाला इथून हलवा. ज्यांच्या घरापर्यंत ती आली नव्हती ते म्हणत, उगाच घाबरवू नका, आमच्या घरांना कवडीची किंमत राहणार नाही. काहींना वाटे, सरकारला आणि कंपन्यांना आपल्या पायाखालचा कोळसा हवाय, आग हे निमित्त. वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. अखेर अमेरिकेच्या संसदेनं लोकांना हलवण्यासाठी ४ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले आणि बहुतेक कुटुंबं गेली. घर रिकामं झालं की पाडायचं. ही घरं चाळीसारखी एकमेकांना चिकटून होती. शेजारचं पाडलं की उरलेल्याची भिंत उघडी पडायची. मग तिला टेकू म्हणून विटांचे उंच खांब बांधले. दोन्ही बाजूंना कुबड्या घेऊन उभं असलेलं एकटं घर, हे सेंट्रालियाचं कित्येक वर्षं ओळखचिन्ह होतं. १९९२ साली राज्यानं उरलेली सगळी घरं कायद्यानं ताब्यात घेतली. २००२ साली गावाचा पिनकोडही काढून घेतला. तरी मूठभर लोक हलले नाहीत. कोर्टात भांडले, आणि २०१३ साली तडजोड झाली की ते जिवंत असेपर्यंत तिथं राहू शकतात, त्यांच्यामागे घर सरकारचं. २०२० च्या जनगणनेत सेंट्रालियाची लोकसंख्या होती पाच.

आणि नेमकं याच काळात, २००६च्या सिनेमानंतर, तिथं पाहुण्यांची रीघ लागली. हातात कॅमेरे, डोक्यात धुकं! जुन्या ६१ क्रमांकाच्या हायवेचा एक तुकडा आगीमुळे भेगाळून बंद पडला होता. त्याच्यावर लोकांनी रंगाचे डबे फवारून नावं, चित्रं, बदाम काढले. सव्वा किलोमीटर लांबीचं ते रंगीत पान झालं. दुरून फोटोत ते छान दिसायचं, खोटं कशाला बोलू. पण कचरा पडू लागला, शेकोट्या पेटू लागल्या. जळत्या गावात शेकोटी, काय म्हणावं! २०२० साली करोनाच्या टाळेबंदीतही गर्दी थांबेना, तेव्हा जागेच्या मालकांनी शेकडो ट्रक माती आणून तो रस्ता गाडून टाकला.

तेव्हा कधी तुमचे काका-मामा अमेरिकेत असतील आणि तुम्ही तिकडे गेलात, तर आधीच सांगून ठेवतो. तिथं धुकं नसतं. राख पडत नाही. सायरन वाजत नाही. आग आता खोल आणि बाजूला सरकली आहे, कुठे-कुठे थंड, ओलसर दिवशी जमिनीतून वाफ निघते एवढंच. ती आणखी अडीचशे वर्षं जळू शकेल असं म्हणतात. पायवाट सोडून आत जाऊ नका, कारण जमीन कुठे पोकळ आहे ते वरून कळत नाही. आणि एखादं घर दिसलं, त्याच्यासमोर गवत कापलेलं असलं, तर खिडकीतून डोकावू नका. ते सायलेंट हिल नाही, आत कुणीतरी चहा पीत बसलेलं असेल.

(जळती जमीन बघायला एवढ्या लांब जायची गरजही नाही म्हणा. आपल्या झारखंडातल्या झरियाची कोळशाची आग १९१६ पासून जळते आहे, आणि तिथं पाच नव्हे, हजारो माणसं तिच्या काठावर राहतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

मात्र एक गोष्ट पाहिल्याशिवाय परतू नका. गावाच्या वरच्या टेकडीवर, झाडांमध्ये एक पांढरंशुभ्र चर्च आहे, निळ्या घुमटांचं. युक्रेनहून खाणीत कामाला आलेल्या लोकांनी ते १९११च्या सुमारास बांधलं. गाव पाडायची वेळ आली तेव्हा तेही पाडायचं का असा प्रश्न आला. जमीन तपासली तर खाली कोळसा नाही, अखंड खडक! चर्च राहिलं. ज्यांची घरं गेली त्यांतले आणि आसपासच्या गावांतले लोक दर रविवारी मोटारी घेऊन तिथं प्रार्थनेला येतात. आणि २०१६ पासून उन्हाळ्याच्या अखेरीस तिथं वर्षातून एकदा यात्रा भरते. पाच माणसांच्या गावात, ज्याला सगळं जग भुतांचं गाव म्हणतं, त्या दिवशी गाडी लावायला जागा शोधावी लागते.